आडाच्या पाण्याला वास, आणि संशय बांधापलीकडच्या माणसावर

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. वय चौतीस, दोन मुलं, धाकटं दीड वर्षाचं. नवरा बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, रोज येऊन-जाऊन. घर जुनं, कौलारू. मागच्या परड्यात दगडी बांधणीचा आड. त्याच्यावर घरचं आणि गल्लीतल्या आणखी तीन घरांचं पिण्याचं पाणी चालतं. घरात नळ आलाय, पण त्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून तो भांडी-धुण्यापुरता. पाऊस लागल्यावर आठवडाभरात आडाच्या पाण्याला रॉकेलसारखा उग्र वास येऊ लागला. परड्याला लागून चुलत सासऱ्यांचा ऊस आहे, वाटणीवरून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. त्यांनीच आडात 'औषध', म्हणजे कीटकनाशक, ओतलं, असं घरातल्या पुरुषांचं ठाम मत आहे आणि ते पोलिसांत जायचं म्हणतात. पंचायतीने पाणी तपासलं तर 'पिण्यास योग्य' असा निकाल आला. सासूबाईंचं म्हणणं, "उकळून प्यालं की काय हुत नाही, आमी जन्मभर ह्येच पाणी प्यालो." घराची अब्रू जाईल म्हणून शेजाऱ्यांना अजून कुणी काही बोललेलं नाही. गणपतीला नणंद तान्ह्या बाळाला घेऊन येणार आहे. ताईंनी तीन गोष्टी विचारल्यात. पोलिसांत जावं का? तोवर उकळलेलं पाणी मुलांना दिलं तर चालेल ना? आणि शेजाऱ्यांना सांगावं का?

*

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबू शकत नाही. नाही, उकळून चालणार नाही.

उकळल्याने जंतू मरतात. कीटकनाशक हा जंतू नाही. घरात आणि शेतात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक कीटकनाशकांना शंभर अंशांच्या पाण्याने काही होत नाही. उलट पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं, म्हणजे पातेल्यात उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतंच. वास मात्र कमी झाल्यासारखा वाटतो, कारण औषध ज्यात विरघळवलेलं असतं ते वासाचं द्रावक उडून जातं. सासूबाईंना "उकळल्यावर वास गेला की" असं वाटत असेल तर त्यांचं नाक खोटं बोलत नाही. पण वास जाणं आणि विष जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आडात ब्लीचिंग पावडर टाकायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तोही थांबवा. पावसाळ्यात पंचायतीची माणसं टीसीएल, म्हणजे हीच पावडर, टाकून जातात, ते जंतूंसाठी योग्यच आहे. पण क्लोरपायरिफॉससारख्या फॉस्फरसवाल्या औषधांवर क्लोरीनची क्रिया झाली की त्यांचं 'ऑक्सॉन' नावाचं रूप तयार होतं, आणि ते मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतं. तुरटीने गाळ बसेल, विरघळलेलं औषध नाही. निळ्या दिव्याचा यूव्ही फिल्टरही जंतूंसाठीच आहे.

म्हणून आजपासून पिण्याला, स्वयंपाकाला, दूध-पावडर कालवायला, दात घासायला नळाचं पाणी. डाळ शिजत नाही याचं कारण पाणी जड आहे, विषारी नाही. डाळ रात्री भिजत घाला, कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त होऊ द्या. गावात नाणं टाकून कॅन भरून देणारं शुद्ध पाण्याचं युनिट असेल तर पिण्यापुरतं तिथून आणा. मुलांची आंघोळही तूर्त आडाच्या पाण्याने नको, कारण ही औषधं कातडीतूनही आत जातात. गोठ्यात जनावर असेल तर त्यालाही हे पाणी दाखवू नका.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण अशा घरांत बहुतेक असते म्हणून विचारते. आडाची मोटार आणि नळ दोन्ही एकाच सिंटेक्सच्या टाकीत चढतात का? तसं असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून घासून धुवा, आडाची जोडणी काढा आणि पिण्याचं पाणी टाकीतून न घेता थेट नळाला घागर लावून भरा. ज्या माठात आतापर्यंत आडाचं पाणी होतं तो माठ बाजूला ठेवा. माती असली औषधं शोषून घेते.

आता पंचायतीच्या निकालाकडे वळते. घरातल्या सगळ्यांचा भरवसा त्याच्यावर आहे, आणि तुमचाही थोडासा आहे असं पत्रातून जाणवतं. निकाल खोटा आहे असं मी म्हणत नाही. त्यांनी जे तपासलं ते बरोबरच असेल. पण गावपातळीवरच्या किटने काय पाहतात? सामू (पीएच), गढूळपणा, जडपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, उरलेला क्लोरीन आणि जंतू. कीटकनाशक त्या यादीतच नसतं. ते शोधायला गॅस क्रोमॅटोग्राफसारखी मोठी यंत्रं लागतात, आणि कुठलं औषध शोधायचं हे आधी सांगावं लागतं. तेव्हा 'पिण्यास योग्य' याचा अर्थ एवढाच की जे पाहिलं त्यात दोष नाही. जे पाहिलंच नाही त्याबद्दल तो कागद गप्प आहे. दरवर्षी किती घरं असा कागद देवघरात ठेवून निर्धास्त होत असतील, या विचाराने मला जरा धास्तीच वाटते.

आता संशयाचं बोलू. तुम्ही चार पानांचं पत्र लिहिलंत. त्यातली अडीच पानं चुलत सासऱ्यांवर आहेत: वाटणी कशी झाली, बांध कसा कोरला, लग्नाला का आले नाहीत. आणि तिसऱ्या पानावर, खर्चाचा विषय निघाला म्हणून, जाता जाता एक ओळ आहे: "मे महिन्यात वाळवीचं काम करून घेतलं, त्यातच सगळे पैसे गेले."

ताई, मी ती ओळ तीनदा वाचली.

वाळवीचं काम म्हणजे काय केलं असेल? भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या रेषेवर साधारण फूट-फूट अंतराने भोकं पाडली असतील आणि त्यांतून पांढरं दुधासारखं द्रावण घराच्या पायात सोडलं असेल. बाहेरच्या बाजूनेही पायालगत चर खणून ओतलं असेल. या कामाला आपल्याकडे सर्वांत जास्त चालतं ते क्लोरपायरिफॉस. वीस टक्क्यांच्या बाटलीतलं एक लिटर औषध एकोणीस लिटर पाण्यात कालवलं की एक टक्क्याचं द्रावण होतं, आणि ते चौरस मीटरला काही लिटर या हिशेबाने मुरवायचं असतं. म्हणजे एका मध्यम घराच्या पायात शेकडो लिटर द्रावण जातं. वाळवीने वर्षानुवर्षं परत येऊ नये म्हणूनच ते मातीत टिकून राहील असं निवडलेलं असतं. आणि तुम्हीच लिहिलंय की आड मागच्या भिंतीपासून आठ-दहा फुटांवर आहे.

थोडा हिशेब करू, म्हणजे किती थोड्याने काय होतं ते कळेल. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे 10500. त्यात क्लोरपायरिफॉसची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम आहे. एक टक्का द्रावणाच्या एका लिटरमध्ये 10 ग्रॅम औषध असतं. तुमच्या आडात पाच हजार लिटर पाणी धरलं, तर ते सगळं मर्यादेपर्यंत न्यायला द्रावणाचे 15 मिलीलिटर पुरतात. चहाचे तीन चमचे. पायात शेकडो लिटर गेलेत आणि आडात पोचायला तीन चमचे लागतात.

एरवी क्लोरपायरिफॉस मातीला घट्ट चिकटतं आणि पाण्यात फार कमी विरघळतं, म्हणून ते जमिनीतून लांबवर जात नाही. ही खरी गोष्ट आहे आणि वाळवीचं काम करणारे तीच सांगतात. पण जुन्या घराची जमीन एकसंध कुठे असते? उंदरांची बिळं, झाडाच्या मुळ्या कुजून पडलेल्या पोकळ्या, पायाच्या दगडांमधल्या फटी, आडाचं चुन्याशिवाय रचलेलं बांधकाम. यांतून द्रावण माती न शिवता सरळ खाली उतरतं. मग ज्येष्ठात खानापूरचा पाऊस लागला की मेमध्ये मुरवलेलं वरचं सगळं धुऊन आडाकडे येतं. वास 'पाऊस लागल्यावर आठवडाभरात' आला हे तुमचेच शब्द आहेत. रॉकेलसारखा वास हा बहुतेक वेळा औषधाच्या बाटलीतल्या द्रावकाचा असतो. इमारतींवरच्या वाळवी-बंदोबस्तासाठी भारतीय मानक 6313 आहे, त्यातही विहिरी आणि झरे दूषित होणार नाहीत याची काळजी घ्यायला सांगितलेलं आहे. ठेकेदाराने आड पाहिला होता का? पाहून काही विचारलं होतं का? की तुमच्याच आडाचं पाणी शेंदून औषध कालवलं आणि कालवलेली बादली त्याच आडात परत सोडली? तसं झालं असेल तर पाऊस यायचीसुद्धा गरज नाही.

म्हणून लगेच "चुलत सासरे निर्दोष" असा निवाडा मी देत नाही. तो द्यायला मी तिथे नव्हते. शिवाय गुंता असा की क्लोरपायरिफॉस उसातही वापरतात, हुमणीला आणि वाळवीला. म्हणजे उद्या आडाच्या पाण्यात तेच सापडलं तर तेवढ्याने काहीच सिद्ध होणार नाही. तुमच्या पायातलं असू शकतं आणि त्यांच्या बांधावरचंही. बांधावरून यायलाही कुणी रात्री येऊन ओतायला लागत नाही. त्यांनी पाठीवरचा पंप आडाच्या वरच्या अंगाला धुतला असेल, सरीत आळवणी केल्यावर जोराचा पाऊस आला असेल. प्रयोगशाळा पाण्यात काय आहे ते सांगते. ते तिथे कुणी नेलं, हे ती सांगू शकत नाही.

इथे घरात एक अवघड बोलणं आहे आणि ते तुम्हालाच करावं लागणार असं दिसतं. वाळवीचं काम तुमच्या यजमानांनी ठरवलं, पैसे त्यांनी दिले. "तुमच्यामुळे झालं" असा सूर लागला की ते चुलत्याचा संशय आणखी घट्ट धरतील. ते स्वाभाविकच आहे. मी तुमच्या जागी असते तर दोष काढला नसता, बाटलीचं नाव विचारलं असतं. "कुठलं औषध होतं ते कळलं तर तपासायला सोपं जाईल, त्या माणसाला फोन करता का?" एवढंच. लेबलवर औषधाचं तांत्रिक नाव असतं, ते किती विषारी हे सांगणारा रंगीत त्रिकोण असतो, विषबाधेवरचा उतारा लिहिलेला असतो. वाळवीचं काम पैसे घेऊन करणाऱ्याला कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो. तो परवाना आणि बिल मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बिल घेतलं नसेल तर निदान ज्या नंबरवर पैसे पाठवले त्याची नोंद जपून ठेवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलं तर तीच कामाला येईल.

नाव का हवं? कारण अलीकडे वाळवीला इमिडाक्लोप्रिडही चालतं. त्याला जवळपास वास नसतो, आणि ते क्लोरपायरिफॉसच्या कितीतरी पट पाण्यात विरघळतं, म्हणजे जमिनीतून जास्त सहज सरकतं. शिवाय मानक 10500 मधल्या कीटकनाशकांच्या यादीत त्याचं नाव नाही. तुम्ही प्रयोगशाळेला नुसतं "कीटकनाशकं तपासा" म्हणालात तर ते यादीतली तपासतील आणि हे निसटून जाईल. घर खूप जुनं असेल आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातही वाळवीचं काम झालेलं कुणाला आठवत असेल तर अल्ड्रिन आणि डायल्ड्रिनही तपासायला सांगा. त्यांच्यावर बंदी येऊन बरीच वर्षं झाली, पण ती मातीत दशकानुदशकं राहतात आणि त्यांची मर्यादा क्लोरपायरिफॉसच्या हजारपट कडक आहे, लिटरला 0.03 मायक्रोग्रॅम.

नमुना घरच्या कोकच्या बाटलीत भरून नेऊ नका. प्लास्टिक औषध शोषून घेतं आणि निकाल कमी येतो. आधी प्रयोगशाळेला फोन करा. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, कीटकनाशकं तपासता का, कुठकुठली, खर्च किती, हे विचारा आणि त्यांच्याकडूनच तपकिरी काचेची बाटली मागवा. काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, बर्फाच्या डब्यातून शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचवा. बेळगावच्या जिल्हा पाणी प्रयोगशाळेत विचारून पाहाच, पण तिथे ही तपासणी होत नसेल तर नमुना बेंगळुरू-पुण्यासारख्या ठिकाणी जाईल आणि खर्च हजारांत जाऊ शकतो. परवडत असेल तर दोन नमुने द्या, एक तुमच्या आडाचा आणि दुसरा उसाच्या जवळच्या, पण तुमच्या घरापासून लांब असलेल्या विहिरीचा. दुसरा स्वच्छ आणि तुमचा खराब निघाला तर बोट कुठे वळतं ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

हे झाल्यावर पोलिसांचा प्रश्न येतो. आज तुमच्या हातात वास आणि जुनं भांडण एवढंच आहे. त्यावर नाव घालून तक्रार दिली आणि महिन्याने कळलं की औषध आपल्याच पायातलं होतं, तर वाटणीचा वाद पुढच्या पिढीपर्यंत गेला म्हणून समजा. खानापूर-बेळगावच्या कोर्टात बांधाच्या वादांत किती आयुष्यं गेलीत ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मात्र काही गोष्टी दिसल्या तर अहवालाची वाट बघायची नाही: एका रात्रीत पाणी दुधाळ होणं, आडात किंवा काठावर औषधाची बाटली सापडणं, एकदम दोन-तीन घरांतल्या माणसांना त्रास होणं. तेव्हा आधी दवाखाना, लगेच पोलीस, आणि बाटलीला हात लावायचा नाही. तक्रारीतही काय दिसलं ते लिहा. कुणी केलं ते पोलिसांना शोधू द्या.

पंचायतीला मात्र आजच कळवा, आणि लेखी कळवा. पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, नावाने अर्ज: आडाचं पाणी चार घरं पितात, अमुक तारखेपासून वास येतो, किटमध्ये कीटकनाशक तपासलं जात नाही, तरी त्याची तपासणी करून घ्यावी. अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या आणि मराठी प्रत जोडा. आपल्या भागात अर्ज कुठल्या भाषेत द्यायचा यावर दोन तास वाद घालता येतो, आणि तो वाद घालण्याजोगा नाही असंही मी म्हणत नाही. पण या वेळी पोच मिळवून बाहेर पडा. वाळवीच्या कामाचा उल्लेखही त्यात असू द्या. ते लपवलं आणि नंतर उघड झालं तर बाकी सगळ्यावरचा विश्वास जाईल.

शेजाऱ्यांचा प्रश्न तुम्ही सर्वांत शेवटी लिहिलात, आणि त्याचंच उत्तर तुम्हाला आधीपासून माहीत आहे असं मला वाटतं. सांगा. आज संध्याकाळी. निकालाची वाट न बघता.

"घराची अब्रू" म्हणजे नेमकं काय जाणार आहे ते जरा खोलात बघा. आडाच्या पाण्याला वास येतो हे त्या तीन घरांतल्या बायकांना कळलेलं नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? घागर त्याही भरतात. त्या बहुधा तुमच्यासारख्याच गप्प आहेत, कारण आड तुमचा आहे आणि फुकटच्या पाण्याला नाव कसं ठेवायचं. आज जाऊन "आमच्याकडे वाळवीचं काम झालं होतं, पाण्याला वास येतोय, तपासायला देतोय, तोवर पिऊ नका" म्हणालात तर चार दिवस कुजबुज होईल. उद्या त्यांच्यातलं एखादं पोर आजारी पडलं आणि तुम्हाला माहीत होतं हे बाहेर आलं तर काय होईल, ते मी लिहीत नाही. कुणाचं नाव मात्र घेऊ नका. चुलत सासऱ्यांचं तर नाहीच. उलट त्यांच्याकडेही निरोप धाडा, बोलणं बंद असलं तरी. त्यांच्या उसात काम करणाऱ्या बायका तुमच्याच आडावर पाणी पितात की नाही? एखाद्या मधल्या माणसाकरवी विचारून घ्या की या पावसाळ्यात उसाला काय मारलं आणि कधी. विचारण्याची रीत चांगली असेल तर माणसं सांगतात.

सासूबाईंचं म्हणणं चूक ठरवून तुम्ही जिंकणार नाही, आणि ते चूकही नाही. त्या जन्मभर ते पाणी प्यायल्या आणि त्यांना काही झालं नाही, कारण तेव्हा त्या पाण्यात हे नव्हतं. आड तोच आहे, घराच्या पायात मे महिन्यात काहीतरी नवं गेलं. तसं सांगून बघा.

मुलांना डॉक्टरांकडे न्यावं का? न्या, पण घाबरून नाही. आजवर त्यांना काही त्रास नसेल तर थोड्या प्रमाणाने लगेच काही दिसत नाही ही एक बाजू. मानकातली मर्यादाही रोज, वर्षानुवर्षं पिण्याचा विचार करून ठेवलेली असते, ती ओलांडली म्हणजे त्याच दिवशी विषबाधा असं नाही. दुसरी बाजू अशी की लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर क्लोरपायरिफॉसचा परिणाम होतो या चिंतेमुळेच युरोपने 2020 मध्ये ते बंद केलं, आणि 2025 मध्ये ते टिकाऊ विषारी रसायनं जगभर बंद करण्यासाठीच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. म्हणून दीड वर्षाच्या बाळाला आणि येणाऱ्या तान्ह्याला या पाण्याचा एक घोटही नको, निकाल काहीही येवो. डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा. त्यांना गरज वाटली तर ते रक्तातलं कोलिनएस्टरेज तपासायला सांगतील, अशा औषधांनी त्याचं काम मंदावतं. तोंडाला फेस किंवा खूप लाळ, घाम, बाहुल्या टाचणीएवढ्या होणं, उलट्या-जुलाब, स्नायू फडफडणं, दम लागणं यांतलं काही दिसलं तर 108 ला फोन करून थेट मोठा दवाखाना गाठा. दूध-तूप पाजू नका, घशात बोटं घालून उलटी काढू नका. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या नंबरवर बोलतं. तो डॉक्टरांनाही उपयोगी पडतो.

आणि आडाचं काय? निकाल मर्यादेच्या वर आला तर उपसा करावा लागेल, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. उपसलेलं पाणी ओढ्यात किंवा भाताच्या खाचरात सोडू नका, मासे आणि खेकडे मरतात. पाण्यापासून लांब, उघड्या जमिनीवर पसरून सोडा. तळातल्या गाळात औषध जास्त धरून बसतं, म्हणून गाळ काढायचा मोह होईल. पण माणूस आत उतरवण्याआधी दहा वेळा विचार करा. आडात प्राणवायू कमी असू शकतो, आणि डिझेल इंजिन आत किंवा तोंडाशी लावून उपसा केला तर त्याच्या धुराने माणसं गेलेली आहेत. विजेची मोटार, बाहेरून, आणि हे काम करणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच.

उपसूनही पुढच्या पावसात वास परत आला तर समजायचं की पायातून अजून झिरपतंय. मग मागच्या भिंतीलगत सिमेंटची पन्हळ करून पागोळ्यांचं पाणी लांब काढणं, आडाचा वरचा काही फूट भाग आतून गिलावा करून बंद करणं, हे उपाय आहेत. चालतील याची हमी नाही. कोळशाचा फिल्टर आणि आरओ मिळून बरंच औषध अडवतात, पण कोळसा भरला की तो अडवायचं थांबतो आणि ते बाहेरून दिसत नाही. थोडंसं प्रमाण उरलेल्या पाण्यासाठी तो चालेल. रॉकेलचा वास येणारं पाणी आरओला जोडून मुलांना देणं मला तरी मान्य नाही. माझं मत विचाराल तर, पाठोपाठ दोन निकाल, त्यातला एक पुढचा पावसाळा लागल्यानंतरचा, स्वच्छ येईपर्यंत हा आड पिण्यासाठी बंद. झाडांना पाणी घ्या, पण परड्यातल्या मेथी-कोथिंबिरीला नाही.

ज्यांच्या घरी अजून वाळवीचं काम व्हायचंय त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण पावसाळा सरला की पुन्हा ही कामं निघतील. ठेकेदाराला आड, बोअर, जमिनीखालचा हौद आधी दाखवा, आणि त्या बाजूच्या भिंतीत द्रावण सोडू नका असं सांगा. तिथली लाकडं बदलणं, चौकटीला वेगळं औषध लावणं, मातीची वारुळं खणून काढणं असे मार्ग आहेत. औषध कालवायचं पाणी आधी ड्रममध्ये काढून घ्या, आडाची बादली आणि दोर त्या कामाला देऊ नका. काम उन्हाळ्याच्या तोंडाशी करा, वळवाच्या आदल्या आठवड्यात नाही.

आणि शेतकरी वाचकहो, औषधाचे रिकामे कॅन. कितीही घासले तरी ते पाण्याला वापरू नका आणि कामावरच्या बायकांनाही देऊ नका. भोक पाडा, चेपा, मगच टाका. पंप विहिरीच्या काठावर धुवायचा नाही, धुतलेलं पाणी त्याच पिकात परत मारायचं. कुठल्या किडीला कुठलं औषध आणि किती, याबद्दल शंका असेल तर दुकानदाराला विचारण्याआधी रैत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या केंद्रात) विचारा, किंवा किसान कॉल सेंटरला 1800 180 1551 वर फोन करा. मराठीत बोलणारं माणूस आहे का, तेही तिथे विचारून बघा.